पाच पौंडांच्या नोटेवरची बाई

तुरुंगांतल्या कैद्यांसाठी झटणाऱ्या एलिझाबेथ फ्रायच्या लंडनच्या ‘सिटी’ भागातल्या खुणा अर्ध्या दिवसात पायी बघून होतात. जायचं मात्र सोमवार ते शुक्रवारीच. शनिवार-रविवारी बँक ऑफ इंग्लंडचं संग्रहालय बंद असतं आणि ओल्ड बेली कोर्टही.

आम्ही बँक स्टेशनला उतरलो. बाहेर पडताच पोल्ट्री रस्त्याला लागून सेंट मिल्ड्रेड्स कोर्ट हा लहानसा बोळ आहे. लग्नानंतर फ्रायबाई इथे राहत, एवढंच सांगणारी पाटी भिंतीवर आहे. दोन मिनिटं पुरे.

खरा वेळ ठेवायचा तो बार्थोलोम्यू लेनवरच्या बँक ऑफ इंग्लंडच्या संग्रहालयासाठी (प्रवेश फुकट). 1797 मध्ये बँकेने नोटेच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं आणि एक व दोन पौंडांच्या नोटा काढल्या. एकाच बाजूला काळी छपाई, खाली हाताने सही. नक्कल करणं सोपं. पूर्वी कधी नोट न हाताळलेल्या गरिबांच्या हातात त्या आल्या. खोटी नोट जाणूनबुजून खपवली तर फाशी. नुसती जवळ बाळगल्याचं कबूल केलं तर चौदा वर्षं हद्दपारी. यातलं कुठलं कलम लावायचं हे बँकेचे वकीलच ठरवत. म्हणजे फिर्यादीच दयाळू व्हायचा की नाही ते ठरवणार!

27 फेब्रुवारी 1818 रोजी फ्रायबाईंनी ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहाच्या समितीपुढे न्यूगेट तुरुंगाबद्दल साक्ष दिली. बायकांना मत नव्हतं, पण गाऱ्हाणं मांडता येत होतं. त्याच वसंतात हॅरिएट स्केल्टन या कैदी बाईसाठी त्या गृहमंत्री लॉर्ड सिडमथ यांच्यापर्यंत गेल्या. सिडमथ बधले नाहीत; खोट्या नोटांपायी एप्रिलमध्ये हॅरिएटला फाशी झाली. बनावट नोटांसाठीची फाशी गेली ती थेट 1832 मध्ये. आणि 2002 ते 2017 याच बँकेच्या पाच पौंडांच्या नोटेवर फ्रायबाई होत्या, न्यूगेटमधल्या कैद्यांना वाचून दाखवताना. बँकेला हा विनोद कळला होता का, कोण जाणे.

तिथून चीपसाइडने पश्चिमेला पंधरा-वीस मिनिटं चालत सेंट सेपल्कर चर्च. आत काचेच्या पेटीत एक हातघंटा आहे, देवघरातल्या घंटेपेक्षा जरा मोठी. 1605 मध्ये रॉबर्ट डाऊ या व्यापाऱ्याने पन्नास पौंड देऊन सोय लावली: फाशीच्या आदल्या मध्यरात्री कैद्याच्या कोठडीबाहेर ही वाजवायची आणि ‘उद्या मरणार आहेस, तयारी कर’ अशा अर्थाच्या ओळी म्हणायच्या. पेटी शोधावी लागते. दिसली नाही तर विचारा.

समोरच ओल्ड बेली कोर्ट, न्यूगेट पाडून त्याच जागी 1907 मध्ये उघडलेलं. 1783 ते 1868 फाशी याच रस्त्यावर, गर्दीसमोर होई. खटले ऐकायला प्रेक्षक-गॅलरी खुली असते, पण मोबाइल, कॅमेरा, मोठी पिशवी चालत नाही आणि कोर्टात ठेवायची सोय नाही. हॉटेलवर ठेवूनच निघा, नाहीतर दारातून परत. आतल्या मोठ्या दालनात फ्रायबाईंचा पुतळा आहे, पण तो गॅलरीतून दिसत नाही. त्यासाठी वेगळी मार्गदर्शकासोबतची फेरी असते. ती आधीच ठरवून ठेवावी लागते.