हिरडीतली निळाई

"डॉक्टर, हे निळं उद्यापर्यंत जाईल ना? हळदीकुंकू आहे घरी."

आई खुर्चीत आ वासून, आणि चिंता ही!

हिरडीतल्या जंतूंवर रंग आणि प्रकाशाचा उपचार (फोटोडायनॅमिक थेरपी) चालला होता. डॉक्टर बोथट सुईने दात आणि हिरडीच्या फटीत मेथिलीन ब्लू हा निळा रंग सोडत होते. मग तिथेच बारीक टोकाचा लाल प्रकाश, एकेका जागी मिनिटभर. "नुसत्या रंगाने काही होत नाही, नुसत्या प्रकाशानेही नाही," ते म्हणाले.

रंग जंतूंना चिकटतो. साधारण 660 नॅनोमीटरचा प्रकाश पडला की हा रंग चेततो आणि जवळचा ऑक्सिजन इतका जहाल होतो की जंतूचं आवरणच फाटतं. हा ऑक्सिजन टिकतो क्षणभरच, त्यामुळे मार बसतो तो चिकटलेल्या जागीच. प्रतिजैविकाची गोळी मात्र अंगभर फिरते.

1900 च्या सुमारास म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याला दिसलं होतं, की अ‍ॅक्रिडीन या रसायनातले पॅरामेशियम नावाचे एकपेशीय जीव उजेडात मरतात, अंधारात तगतात. इतकी जुनी गोष्ट!

अर्थात आधी दात खरवडून साफ करणं चुकत नाहीच. त्यावर या प्रकाशाने जास्तीचा फायदा किती, याबद्दल अभ्यासांचं एकमत नाही. डॉक्टरांनीही ते लपवलं नाही, हे मला आवडलं.

तुमच्यापैकी कोणी करून घेतलंय का?