यॉम हे-रानच्या मागोमाग

मंगळवार, रात्री

'व्हेन लाइफ गिव्ज यू टँजरिन्स' या कोरियन मालिकेवर लिहायला बसले. परीक्षणासाठी माझी वही ठरलेली आहे: पानावर तीन रकाने, लेखन, अभिनय आणि निर्मिती. भाग बघत असताना जे जिथे बसेल ते तिथे टिपायचं. लेखनाखाली लिम सांग-चुन, निर्मितीखाली दिग्दर्शक किम वॉन-सोक, अभिनयाखाली आय्यू, पार्क बो-गम, मून सो-री, पार्क हे-जून. पण पहिल्या भागाचं पान आज उघडलं तर तिन्ही रकान्यांत एकाच पात्राबद्दल लिहिलेलं आहे, आणि ते पात्र नायिकेचं नाही. ते आहे ग्वांग-रेचं, म्हणजे नायिका ए-सुनच्या आईचं.

ग्वांग-रे जेजू बेटावरची हेन्यो. पाठीवर ऑक्सिजनचं नळकांडं नाही, काही नाही, नुसता दम धरून समुद्राच्या तळाशी जायचं आणि अबलोन नावाचे महागडे शिंपले खरवडून वर आणायचे, हा या बायकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. 2016 मध्ये युनेस्कोने जेजूच्या हेन्यो परंपरेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. पाण्याबाहेर डोकं काढल्यावर त्या जो श्वास सोडतात त्याला शिट्टीसारखा आवाज असतो. किनाऱ्यावर थांबलेल्या पोरीला आपली आई अजून आहे, हे त्या आवाजावरून कळतं.

ग्वांग-रे 29 व्या वर्षी मरते. ती साकारणारी यॉम हे-रान 1976 सालची, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी पंचेचाळिशी ओलांडलेली. कागदावर हे विचित्र वाटेल. पडद्यावर मला एकदाही खटकलं नाही. रोज थंड पाण्यात उतरणाऱ्या, दोनदा संसार मांडलेल्या, फुप्फुसं गेलेल्या बाईचं एकोणतिसावं वर्ष असंच दिसणार. एखादी सुंदर तरुण नटी घेऊन तिच्या गालावर काजळी फासली असती तर ती गरिबी रंगवलेली दिसली असती. पात्रनिवडीचा हा निर्णय मी निर्मितीच्या रकान्यात लिहिला, मग अभिनयाच्या, आणि शेवटी तिन्ही रकान्यांवरून आडवी रेघ ओढली.

बुधवार

आज परत तो कवितेचा प्रसंग लावला. छोटी ए-सुन शाळेत आईवर कविता लिहिते. आई सतत समुद्रात, सतत त्या मेल्या शिंपल्यांच्या मागे. तर शिंपला विकून जे शंभर ह्वान मिळतात ते मी देते आणि आईचा एक दिवस मी विकत घेते, असा तिचा भावार्थ. (ह्वान हे तेव्हाचं कोरियातलं चलन, 1962 पर्यंतचं.)

लेखनाचा हिशेब इथे मांडून बघितला. पोरीला आईची आठवण येते हे सांगायचं होतं. लिम सांग-चुनने त्याला भाव लावला, दर ठरवला. दहा वर्षांच्या पोरीलाही कळलंय की आपल्या घरात वेळ ही पैशाने मोजायची वस्तू आहे. ही कविता पुढे सोळाही भागांना पुरते, कारण ए-सुनला कवयित्री व्हायचं असतं आणि ते आयुष्यभर राहून जात असतं.

आणि अभिनय? ग्वांग-रे मोठमोठ्याने बोलणारी, शिव्या देणारी, हात उगारणारी बाई आहे. लेकीला जवळ घेण्याची तिची पद्धतसुद्धा ढकलल्यासारखीच. जेवणात सगळ्यांना मासा वाढला आणि माझ्या पोरीला नाही, एवढ्यावरून ती दिराच्या घरातून मुलीला उचलून आणते. लेकीला ती बजावते की गरीब तुझी आई आहे, तू नाहीस, तेव्हा कुठे अंग चोरून उभी राहू नकोस. इतकं भारी वाक्य हाती आल्यावर बहुतेक नट थांबतात, डोळ्यांत पाणी आणतात, आपण काहीतरी महत्त्वाचं बोलतोय हे प्रेक्षकाला कळू देतात. यॉम हे-रान ते रागावण्याच्या ओघात बोलून मोकळी होते. पोरीला त्याची किंमत पुढे कधीतरी कळेल, आत्ता तिला फक्त ओरडा बसतोय, इतकं साधं.

आई शेजारी बसून बघत होती. सबटायटल्स तिला वाचवत नाहीत, मी अधूनमधून अर्थ सांगत असते. या प्रसंगाला तिने सांगू दिलं नाही. "कळतंय, राहू दे," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "हिच्या मानेकडे बघ, ओझं वाहिलेल्या बाईची मान आहे." मी इतक्यांदा तो भाग पाहिला, मानेकडे नव्हतं लक्ष गेलं.

जेवताना मी तिला सांगितलं, आपण 'व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स' पाहिली होती ना, त्यातली ती वकीलबाई हीच. आईचा विश्वास बसेना. फोनवर फोटो दाखवला तेव्हा गप्प झाली.

शुक्रवार

काल रात्री झोपताना सुचलं ते आज दिवसभर घोळतंय, म्हणून नीट लिहून ठेवते.

आपण परीक्षणात लेखन चांगलं, अभिनय उत्तम असं लिहितो, पण दोन्ही एकमेकांत इतकं मिसळलेलं असतं की कोणाचं श्रेय किती हे उगाच अंदाजाने वाटलं जातं. वेगळं करायचं असेल तर एक गोष्ट कायम ठेवून दुसरी बदलून पाहायला हवी. यॉम हे-रानच्या बाबतीत ही सोय आयतीच आहे. दोन लेखकांनी तिच्यासाठी दोन-दोन भूमिका लिहिल्या, मध्ये काही वर्षं जाऊ देऊन.

लिम सांग-चुन (हे टोपणनाव, ही व्यक्ती समोर येत नाही, मुलाखती देत नाही) यांची 2019 ची 'कॅमेलिया'. त्यात यॉम हे-रान होंग जा-यंग आहे, घटस्फोटांचे खटले चालवणारी वकील. तिचा नवरा ग्यू-थे गावातला घरमालक. बारमध्ये शेंगदाणे फुकट मिळाले नाहीत म्हणून ज्याच्या मनाला लागतं असा माणूस. सगळं हसवणुकीचं, पण जा-यंगच्या वाट्याला एकही विनोदी वाक्य नाही. ती सरळ उभी राहते, कमी बोलते, आणि नवऱ्याला नुसत्या नजरेने घाम फोडते. नवऱ्याला पोलीस घेऊन जायला येतात तेव्हा मात्र हीच बाई गाडी सर्रकन वळवून आडवी घालते. त्या वळणावरूनच नवऱ्याला कळतं की हिचं आपल्यावर अजून प्रेम आहे. ग्यू-थे रंगवणाऱ्या ओ जंग-सेला 2020 मध्ये बेक्सांग हा कोरियातला मानाचा पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. पण त्याचा निम्मा विनोद समोर जा-यंग ढिम्म उभी आहे म्हणून घडतो, हे कोणीतरी लिहायला हवं होतं.

आता जा-यंग आणि ग्वांग-रे शेजारी ठेवल्या. एक लेखणी, एक अभिनेत्री. एक शिकलेली, इस्त्रीतली, आवाज न चढवणारी. दुसरी अक्षरशत्रू म्हणावी अशा परिस्थितीतली, सगळं आवाजावर निभावणारी. दोघींनाही प्रेम तोंडाने बोलता येत नाही. लिम सांग-चुनच्या बायकांचा हा स्वभाव आहे हे आता मला दोन पुरावे समोर असल्यामुळे ठामपणे लिहिता येतं. आणि एका स्वभावाची दोन शरीरं करणं ही यॉम हे-रानची कमाई, हेही तितक्याच ठामपणे.

शनिवार, दुपारी

दुसरी जोडी लेखिका किम उन-सूकची. 'गॉब्लिन', डिसेंबर 2016 ते जानेवारी 2017. त्यात यॉम हे-रान अनाथ नायिकेची दुष्ट मावशी होती. भाचीला सांभाळायचं ते विम्याच्या पैशासाठी, बँकेचं पासबुक कुठे आहे म्हणून छळायचं, आणि शेवटी लोभापायी अद्दल घडवून घ्यायची. परीकथेतली सावत्र आई. काम तिने झक्क केलं, पण त्या बाईला स्वतःचं असं काही नव्हतं. नायिका दुःखी दिसावी म्हणून ती होती.

त्याच लेखिकेने सहा वर्षांनी 'द ग्लोरी' लिहिली. कांग ह्यून-नाम, घरकाम करणारी, नवऱ्याचा मार खाणारी बाई. सूड घ्यायला निघालेल्या डोंग-उनला ती सौदा सांगते: मी तुमची मदत करते, तुम्ही माझ्या नवऱ्याचा काटा काढा. मग ती गाडी चालवायला शिकते, कॅमेरा शिकते, लपून फोटो काढायला शिकते आणि या सगळ्यात तिला मजा येऊ लागते. मोकळेपणी हसते. डोंग-उन बघत राहते तेव्हा विचारते, मार खाणारी बाई हसत नाही असं वाटलं होतं का तुम्हाला? मार खाते, पण मी आनंदी बाई आहे.

हे वाक्य मला लेखनाचा कळस वाटतं. अत्याचार सोसणाऱ्या बाईला रडकी दाखवणं सोपं, शूर दाखवणं त्याहून सोपं. तिला विनोदबुद्धी द्यायची, शिकण्याची हौस द्यायची, यासाठी लेखिकेने त्या बाईचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत मनात जगलेला असावा लागतो. त्याआधी 2016 मध्येच, नो ही-क्यंगच्या 'डिअर माय फ्रेंड्स'मध्ये, यॉम हे-रान रंगभूमीवरून पहिल्यांदा टीव्हीवर आली तीही अशाच मारझोड सोसणाऱ्या लेकीच्या भूमिकेत. तिथली सुन-यंग आईबापाला कळू नये म्हणून सगळं आत दाबणारी. ह्यून-नाम बाहेर सांडणारी. दोघींना एकाच साच्यातून काढायचा मोह किती झाला असता!

'गॉब्लिन'ची मावशी आणि 'ग्लोरी'ची ह्यून-नाम यांत अभिनेत्री तीच आहे, तिची ताकद तीच आहे. जे वाढलं ते लेखन. किम उन-सूकच्या वाटचालीबद्दल मला इतका चांगला पुरावा तिच्या नायक-नायिकांत कधी सापडला नाही. तिथे राजबिंडा नायक, चटकदार संवाद आणि पावसातलं प्रेम यांत सगळं झाकून जातं.

शनिवार, रात्री

निर्मितीबद्दल लिहायचं राहिलं. ते नुसतं छायाचित्रण सुंदर, संगीत हृद्य असं दोन ओळींत उरकायला मला आवडत नाही. कोरियन मालिकेत निर्मितीचा मुख्य प्रश्न वेळेचा असतो.

बरीच वर्षं तिथे आठवड्याला दोन भाग दाखवायचे आणि त्याच आठवड्यात ते चित्रित करायचे असा खाक्या होता. संहिता दोन-दोन पानांच्या तुकड्यांनी सेटवर यायची, प्रेक्षकांचा कल बघून गोष्ट वळायची, आणि शेवटच्या भागांत नटांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मेकअपला आटोपत नसत. आमच्या ओळखीतली एक मुलगी मराठी मालिकांसाठी संवाद लिहिते, ती म्हणते बँक संपली की असंच होतं. बँक म्हणजे आधी तयार करून ठेवलेले भाग. 2016 ची 'डिसेंडंट्स ऑफ द सन' प्रक्षेपणाआधीच पूर्ण चित्रित झाली आणि तुफान चालली, 2018 पासून आठवड्याला 52 तासांच्या कामाच्या मर्यादेचा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला, मग नेटफ्लिक्सने पूर्ण मालिका आधी हातात मागितल्या. या सगळ्याने घाई कमी झाली.

याचा फायदा नायकाला फारसा होत नाही, त्याच्यासाठी घाईतही वेळ काढला जायचा. फायदा होतो बाजूच्या पात्रांना. धावपळीत पहिली कात्री त्यांच्याच प्रसंगांना लागते. ग्वांग-रे सुरुवातीलाच मरणार, पण ती सोळा भागांत अधूनमधून परतणार, आणि दर वेळी तिच्या आठवणीला आधीच्या प्रसंगाचा धागा असणार, हे संहिता पूर्ण हातात असल्याशिवाय जमत नाही. किम वॉन-सोक यांनी 'माय मिस्टर'मध्येही गल्लीतल्या दारूच्या गुत्त्यातल्या माणसांना असाच निवांत वेळ दिला होता. त्यांचा कॅमेरा बोलणाऱ्यावरून लगेच हलत नाही, ऐकणाऱ्याकडेही वळतो.

रविवार

आज परीक्षण पूर्ण केलं. आय्यूवर दोन परिच्छेद होते, त्यातला एक काढला. तरुण ए-सुन आणि पुढे तिची मुलगी ग्युम-म्यंग अशा दोन्ही भूमिका तिने केल्यात. ए-सुन फार सुंदर, ग्युम-म्यंगमध्ये मात्र काही ठिकाणी चिडचिडीचा एकच सूर लागतो. हे स्पष्ट लिहिलं. निवेदनाबद्दलही लिहिलं, कारण ती माझी खरी तक्रार आहे. चेहऱ्यावर सगळं दिसत असताना निवेदन परत तेच समजावून सांगतं, उत्तरार्धात तर फारच. ग्वांग-रेच्या प्रसंगांत ते सर्वांत कमी आहे आणि म्हणूनच ते प्रसंग सर्वांत जास्त टिकतात. लिम सांग-चुनने यॉम हे-रानवर जितका विश्वास टाकला तितका शेवटच्या भागांतल्या नटांवर टाकायला हवा होता. मून सो-री आणि पार्क हे-जून यांना तो नक्की पेलला असता.

2025 च्या बेक्सांगमध्ये मालिकेला सर्वोत्कृष्ट मालिकेचा, लिम सांग-चुनला पटकथेचा आणि यॉम हे-रानला सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, ती नोंद परीक्षणात शेवटी एका ओळीत टाकली.

वहीत नवीन पान आखलंय. रकाने तीनच, पण वर एक ओळ वाढवली: बाजूचं कोण? पुढे 'डिअर माय फ्रेंड्स' पुन्हा लावणार आहे, या वेळी त्यातल्या ज्येष्ठ अभिनेत्री ना मून-हीसाठी. आईला आत्ताच सांगून ठेवलंय. तिने विचारलं, त्यात समुद्र आहे का? म्हटलं, नाही, म्हाताऱ्या मैत्रिणी आहेत. "मग उद्याच लाव," म्हणाली.