ब्यूफर्ट-कोलंबिया रोड ट्रिप: बाबा, सातबारा आणि आठ मतपेट्या

बाबा सध्या शार्लटला आमच्याकडे आलेत. नायगारा, न्यूयॉर्क वगैरे सगळं झालं आणि मग म्हणाले आता काहीतरी बघण्यासारखं दाखव. बाबा म्हणजे सातारा जिल्ह्यातले झेडपीचे रिटायर्ड मास्तर, आयुष्यभर इलेक्शन ड्युटी केलेला माणूस, म्हणून म्हटलं चला साउथ कॅरोलायनातल्या ब्यूफर्टला. बहुतेक लोक सिव्हिल वॉर बघायला चार्ल्सटनला जाऊन फोर्ट समटरची बोट पकडतात, पण मला त्या तोफांपेक्षा १८६५ नंतर काय झालं त्यात जास्त इंटरेस्ट होता. युद्ध संपलं, गुलाम सुटले, मग जमीन कोणाची आणि मत कोणाचं ह्यावर जी मारामारी झाली ती.

पहिली सूचना, जीपीएसमध्ये साउथ कॅरोलायना नीट टाका. नॉर्थ कॅरोलायनात सेम स्पेलिंगचं गाव आहे, त्याला बोफर्ट म्हणतात, आणि चुकून तिकडे लागलात तर दिवस गेला. शार्लटहून चार तास धरा. वाटेत राज्याची राजधानी कोलंबिया लागतं पण तिथे थांबू नका, येताना थांबा, का ते खाली सांगतो.

ब्यूफर्टमध्ये जुन्या फायर स्टेशनच्या इमारतीत नॅशनल पार्कचं व्हिजिटर सेंटर आहे, एंट्री फ्री. रोज उघडं नसतं, दिवस-वेळ आधी साइटवर बघून घ्या. आत तसं छोटंसंच आहे, खरी मजा रेंजरशी बोलण्यात. नोव्हेंबर १८६१ मध्ये उत्तरेच्या (म्हणजे केंद्र सरकारच्या) आरमाराने ब्यूफर्टच्या आसपासची ही बेटं घेतली, मळेवाले गोरे पळाले आणि दहा हजारच्या आसपास गुलाम मागेच राहिले, म्हणजे देशात युद्ध अजून पेटलेलं आणि इथे शाळा, जमीन, मजुरी सगळ्याचे प्रयोग सुरूसुद्धा झाले.

रॉबर्ट स्मॉल्सचं घर चालत जाण्यासारखं आहे, प्रिन्स स्ट्रीटवर. आम्ही बाहेरूनच बघितलं. हा माणूस ह्याच घराच्या मागे गुलाम म्हणून जन्मला, १८६२ मध्ये चार्ल्सटनच्या बंदरातून दक्षिणवाल्यांची प्लँटर नावाची बोट बायकापोरांसकट पळवली, आणि मालकाने कर थकवल्यामुळे लिलावात निघालेलं हेच घर युद्ध चालू असतानाच विकत घेतलं! पुढे पाच वेळा अमेरिकेच्या काँग्रेसवर, म्हणजे संसदेवर, निवडून आला. बाबा दहा मिनिटं नुसते फुटपाथवर उभे.

मग सेंट हेलेना बेटावर पेन सेंटर, गाडीने पंधरा-वीस मिनिटं. इथे १८६२ ला सुटलेल्या गुलामांसाठी शाळा निघाली. समोरचं विटांचं चर्च १८५५ चं, गुलामांनीच बांधलेलं, पण त्यांनी बसायचं वर गॅलरीत. मालक पळाल्यावर तेच खाली येऊन बसले. ह्या बेटांवर बऱ्याच जणांनी कराच्या लिलावात जमिनी घेतल्या आणि त्या टिकल्या. बाकी किनाऱ्यावर उत्तरेचा जनरल शर्मनने जानेवारी १८६५ च्या हुकुमाने चाळीस-चाळीस एकर दिलेले, ते त्याच वर्षी प्रेसिडेंट जॉन्सनने जुन्या मालकांना परत करून टाकले. बाबांचं ह्यावर लगेच, "सातबारा नावावर असला की माणूस मत द्यायला घाबरत नाही रे." मला पटलं, कारण बाकी राज्यात सगळं कोसळल्यावरही ब्यूफर्टवाले स्मॉल्सला निवडून देतच होते.

रेंजरला बाबांनी माझ्याकरवी फुल्यांबद्दलही सांगितलं, की १८७३ च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका गुलामी संपवणाऱ्या अमेरिकन लोकांना आहे. त्याने वहीत नाव लिहून घेतलं, स्पेलिंग दोनदा विचारून.

खाण्याचं: व्हेज असाल तर सांभाळून. रेड राइस दिसतो टोमॅटो भातासारखा पण त्यात सॉसेज असू शकतं, पालेभाजीतसुद्धा डुक्कर असतं, प्रत्येक ठिकाणी विचारा. आम्ही दशम्या आणि चटणी नेलेली म्हणून वाचलो. संध्याकाळी खाडीकाठी चिलटं फोडून काढतात, पूर्ण बाह्यांचं घाला. जून ते ऑगस्ट जाऊच नका.

दुसऱ्या दिवशी कोलंबिया. येताना थांबा म्हटलं ते ह्यासाठी की ब्यूफर्टला जे मिळवलं ते इथे काढून घेतलं, आणि तो क्रम डोळ्यांनी बघायला हवा. १८६८ मध्ये इथल्या खालच्या सभागृहात काळ्या आमदारांचं बहुमत होतं, त्याच वर्षीच्या राज्यघटनेत सगळ्यांसाठी सरकारी शाळा आली. १८७६ च्या इलेक्शनला रेड शर्टवाल्यांनी, म्हणजे लाल शर्ट घालणाऱ्या गोऱ्यांच्या हत्यारी टोळ्यांनी, बंदुका दाखवून मतदार घाबरवले, दोन-दोन गव्हर्नर दावा सांगत बसले, आणि १८७७ मध्ये केंद्राने सैन्य मागे घेतलं की खेळ खलास. पुढे प्रेसिडेंट झालेल्या वुड्रो विल्सनच्या लहानपणीच्या घरात आता रिकन्स्ट्रक्शनचं, म्हणजे युद्धानंतरच्या ह्याच काळाचं, म्युझियम आहे, गाइडेड टूर असते, वेळ आधी बघा.

तिथून परत गाडीत बसल्यावर मी बाबांना ह्या राज्याचा १८८२ चा आठ पेट्यांचा कायदा सांगितला. प्रत्येक पदासाठी वेगळी पेटी, चिठ्ठी चुकीच्या पेटीत पडली की मत बाद, आणि पेट्यांच्या जागा मध्येच बदलायच्या म्हणजे वाचता न येणारा चुकणारच. बाबा एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "आपल्याकडे बावनच्या इलेक्शनला पण पेट्याच पेट्या होत्या, प्रत्येक उमेदवाराची वेगळी, पण वर चिन्ह चिकटवलेलं. तुझी आजी अंगठेबहाद्दर, तिने बरोबर पेटीत टाकलं."

कोलंबियातल्या स्टेट हाउसच्या (विधानभवनाच्या) आवारात काळ्यांच्या मताचा कट्टर विरोधक असलेल्या बेन टिलमन ह्या पुढाऱ्याचा पुतळा आहे. राज्याची १८९५ ची घटना ह्याच्या पुढाकाराने आली, मत द्यायला घटनेचं कलम वाचून किंवा समजावून दाखवायचं आणि ते पटलं की नाही हे क्लार्क ठरवणार. स्मॉल्स तेव्हा ती घटना लिहिणाऱ्या सभेत बसून विरोधात बोलला, पण काळे प्रतिनिधी सगळे मिळून सहाच. काळ्यांचं ते मत नीट परत यायला १९६५ उजाडलं. आता स्मॉल्सचाही पुतळा ह्याच आवारात उभारायचा कायदा २०२४ मध्ये झालाय.

टिलमनसमोर फोटो काढू का विचारलं तर बाबा म्हणाले नको, त्यापेक्षा दशमी उरली असेल तर दे.