देव काढला तर क्लेरिकमध्ये उरतं काय

क्लायंटचं ब्रीफ जेमतेम दोन ओळींचं. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या रोलप्लेइंग गेमच्या पाचव्या एडिशनला चालेल असा नवा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार हवा, डिव्हाइन मॅजिकवाला, पण देव नको, कारण त्यांच्या जगात देवच नाहीत. मेलेत, रुसलेत, झोपलेत असलं काही नाही, कधी नव्हतेच. मी फ्रीलान्स रूल्स लिहितो. २०२३ च्या जानेवारीत या गेमचे मूळ रूल्स क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये, म्हणजे श्रेय दिलं की कोणीही वापरावेत अशा लायसन्सखाली आले तेव्हापासून अशा कामात लायसन्सची धाकधूक उरलेली नाही, त्यामुळे लगेच हो म्हटलं.

सुरुवात केली ती सरळ क्लेरिकची, म्हणजे देवाच्या शक्तीनं जादू करणाऱ्या धर्मगुरूच्या क्लासची पानं समोर घेऊन जिथे जिथे देव दिसेल तिथे काट मारायची अशी. आणि गंमत म्हणजे काही बिघडेचना. स्पेल स्लॉट (दिवसाला किती मंत्र टाकता येतात तो कोटा) तेच, क्युअर वून्ड्स तेवढंच बरं करतंय, चॅनल डिव्हिनिटीत नाव आणि वर्णन सोडलं तर देवाचं काम कुठेच नाही. अडलं फक्त एका जागी. दहाव्या लेव्हलला २०१४ च्या पुस्तकात डिव्हाइन इंटरव्हेन्शन येतं, म्हणजे तुम्ही देवाचा धावा करायचा, शंभराचा रोल टाकायचा, तो तुमच्या लेव्हलएवढा किंवा कमी आला तर देव खरंच येतो आणि काय करायचं ते डीएम, म्हणजे गेम चालवणारा डंजन मास्टर ठरवतो. तिथे मी तात्पुरतं "तत्त्वाची शक्ती" असं काहीतरी गुळमुळीत लिहून ठेवलं आणि शनिवारी प्लेटेस्ट, म्हणजे खेळून बघायची चाचणी लावली.

दहाव्या लेव्हलची पार्टी (पात्रांची टोळी), डीएम आमचा जुना मित्र, आणि नवा क्लास खेळायला जी बसली ती माझ्या बऱ्याच मॅन्युस्क्रिप्ट्स एडिट करते, संस्कृतमध्ये एमए केलेली बाई आहे, रूल वाचते तो वकिलासारखा. अर्ध्या तासात फायटर, म्हणजे पार्टीतला लढवय्या, वाइव्हर्न या ड्रॅगनसारख्या प्राण्याच्या नांगीनं गेला. हिनं मेलेल्याला जिवंत करणारा रेझ डेड हा मंत्र टाकला. डीएमनं सवयीनं आवाज खोल केला, "अंधारातून उत्तर येतं... या जिवाच्या बदल्यात काहीतरी द्यावं लागेल."

ही म्हणाली, "मागतंय कोण?"

डीएम अडकला.

"पाचशे गोल्डचा हिरा जळला, तासभराचं कास्टिंग झालं, आत्मा यायला तयार पाहिजे तर तो हा समोर वडापाव खातोय, विचार त्याला. आता मधे कोण आलं?"

"अरे मग मी काय फक्त कॅशियर आहे का?" डीएम खरंच चिडला होता. आणि मग जी जुंपली, गेम राहिला बाजूला, फायटर तसाच मेलेला, एकजण म्हणतोय डीएमला नाही म्हणायचा हक्क हवाच, दुसरा म्हणतोय विझार्डला (पोथीतून जादू शिकणाऱ्याला) कधी नाही म्हणतोस का तू. मी आपला नोट्स काढत होतो, कारण माझ्या क्लासमध्ये नक्की काय कमी आहे ते मला आत्ता कळत होतं. देव रूल्समध्ये फारसा नसतोच, तो डीएमच्या तोंडी असतो, प्लेअरला नाही म्हणायला. क्लेरिक हा क्लास जन्मलाच मुळी आवर घालायला. या गेमच्या दोन निर्मात्यांपैकी एक, डेव्ह आर्नेसन, त्याच्या ब्लॅकमूर नावाच्या जगातल्या गेममध्ये एक प्लेअर व्हॅम्पायर होऊन डोईजड झाला होता, सर फँग नावाचा, त्याला तोड म्हणून हा धर्मगुरू आणला गेला आणि तिथून तो डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९७४ च्या पहिल्या डब्यात, म्हणजे बॉक्स सेटमध्ये गेला. देव काढला की हा लगाम सुटतो, आणि त्या जागी तत्त्व, आदर्श, विश्वाची ऊर्जा काहीही ठेवा, तत्त्व काही नाही म्हणत नाही हो.

चहाला उठलो तेव्हा एडिटरबाई म्हणाल्या, तू उगाच तत्त्वज्ञान शोधत बसलायस, आपल्याकडे हे आधीच होऊन गेलंय, पूर्वमीमांसा बघ. मला वाटलं आता लेक्चर, पण तिनं गाळणीतला चोथा टाकता टाकता पाच मिनिटांत सांगितलं. मीमांसक म्हणजे यज्ञाच्या बाबतीत सगळ्यात कट्टर लोक, आणि तेच म्हणतात की फळ देव देत नाही, कर्म देतं. देवता मंत्रापुरती. त्यांचा भाष्यकार शबरस्वामी तर विचारतो की देवता हवि (यज्ञातली आहुती) खात असती तर हवि कमी नको का व्हायला? मग आज केलेल्या यज्ञाचं फळ उद्या कसं मिळतं, तर मधे एक न दिसणारी शक्ती तयार होऊन राहते, तिला अपूर्व म्हणायचं.

मी तिथेच उभा राहून म्हटलं, अगं हा तर स्पेल स्लॉट आहे! सकाळी तयार करा, संध्याकाळी वापरा!

"हो, पण विधी चुकला तर? वृत्राचं आठवतंय ना?" आठवत होतं. त्वष्ट्याला इंद्राला मारणारा मुलगा हवा होता, मंत्रात स्वर चुकला आणि इंद्राच्याच हातून मरणारा मुलगा, वृत्र, झाला. कोणी रागावलं नाही, शाप दिला नाही. मंत्रानं त्याचं काम चोख केलं.

डिव्हाइन इंटरव्हेन्शनची जागा तिथल्या तिथे भरली. सकाळी तासभर विधी, फळ काय हवं तो संकल्प एका वाक्यात मोठ्यानं बोलायचा, आणि डी-ट्वेंटी, म्हणजे वीस बाजूंचा फासा, टाकायचा डीएमनं, स्क्रीनमागे. फळ मिळणारच, डीएमलासुद्धा अडवता येणार नाही. फक्त एक आला असेल तर कर्ता आणि कर्म उलटे, आणि ते प्लेअरला वेळ आल्याशिवाय कळणार नाही.

लगेच खेळून बघितलं. संकल्प होता, "दारावरचा राक्षस आमच्या हातून पडेल." डीएमनं डाइस टाकला, बघितला आणि इतका गोड हसला की तेव्हाच शंका यायला हवी होती. पार्टी छाती काढून दारावर गेली आणि राक्षसानं एकेकाला असा लोळवला की काही विचारू नका. "पण मी बरोबर मागितलं होतं!" एडिटरबाई ओरडल्या. "मागितलंस बरोबर, म्हणालीस चुकीचं," डीएम, एकदम खूश. दुपारचा राग कुठल्या कुठे.

क्लायंटला पाठवलं तर त्यांना सगळं आवडलं, फक्त वीसात एकदा पूर्ण पार्टी झोपणं जास्त वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरोबरच होतं त्यांचं. मी डीएमच्या मर्जीवर सोडायला तयार नव्हतो, नाहीतर देव मागच्या दारानं परत आला असता. मग पुन्हा यज्ञाकडेच गेलो. तिथे ब्रह्मा नावाचा ऋत्विज (पुरोहित) असतो, तो बहुतेक वेळ गप्प बसून फक्त चुका बघतो आणि झाल्या तर प्रायश्चित्त करतो. तेच घेतलं. पार्टीतल्या कोणीतरी पूर्ण विधीभर बाजूला बसायचं, दुसरं काही करायचं नाही, बोलायचं नाही, मग एक आला तर डीएम एकदा रीरोल करेल.

हे काम साहजिकच रोग (Rogue) म्हणजे पार्टीतल्या चोरट्याच्या गळ्यात पडलं, कारण त्याला सकाळी दुसरं काही नसतं. पुढच्या प्लेटेस्टला, लेव्हल वाढवणाऱ्या अनुभवाच्या गुणांवर म्हणजे एक्सपीवर डोळा ठेवून, त्याचा पहिला प्रश्न, "तासभर गप्प बसायचे एक्सपी किती?"