धबधब्यातून आरपार

ताईंनी पिशवी टेबलावर ठेवली, पण हात तिच्यावरून काढला नाही. म्हणाल्या, "दादा, मशीन चालू होईल न होईल, ते नंतर बघू. आधी एवढं सांगा, या गेममधल्या धबधब्यातून पलीकडचं दिसायचं की नाही?"

व्हिडिओ गेमची जुनी यंत्रं दुरुस्त करणं हे माझं काम. येणारी माणसं बहुतेक करून "लागतंय का बघा" एवढंच म्हणतात. धबधब्याची चौकशी करणारं गिऱ्हाईक मला त्याआधी भेटलं नव्हतं.

पिशवीत सेगा कंपनीचं मेगा ड्राइव्ह निघालं, पहिल्या घडणीचं. काळं कुळकुळीत, वर '16-बिट' अशी ठसठशीत अक्षरं आणि पुढे हेडफोनचा आवाज कमीजास्त करायची सरकती खुंटी. हे यंत्र जपानमध्ये 1988 साली आलं. सोबत एकच कॅसेट होती, 1991 ची 'सोनिक द हेजहॉग', सोनिक नावाच्या निळ्या, वेगाने पळणाऱ्या प्राण्याचा गेम. कार्ट्रिज हा शब्द मी धंद्यात पडल्यावर वापरायला लागलो, पण बोलताना माझ्या तोंडात अजून कॅसेटच येतं. त्या कॅसेटच्या पाठीवर बॉलपेनने दोन अक्षरं कोरलेली होती, एक ताईंच्या नावाचं आणि एक त्यांच्या धाकट्या भावाचं.

हकिकत अशी होती. जुने गेम आतच भरलेली छोटी यंत्रं हल्ली मिळतात, सपाट टीव्हीला थेट जोडता येणारी. ताईंनी तसलं एक घेतलं. भावाचा अकरा वर्षांचा मुलगा सुट्टीला आला होता, त्याला आपलं लहानपण दाखवायचं म्हणून. गेम सुरू झाला आणि पहिल्या पाच मिनिटांतच त्यांचा हिरमोड झाला. गाणं घाईत वाजत होतं. आणि धबधबा! त्यांच्या आठवणीत सोनिक धबधब्यामागे गेला की पाण्यातून अंधुक निळा दिसत राहायचा. इथे पाण्याच्या जागी उभ्या पट्ट्या होत्या, नुसत्या पट्ट्या. भावाला फोन केला तर तो हसला. "ताई, तेव्हाही असंच होतं. तुझ्या मनानेच त्यात पाणी भरलंय." मग माळ्यावरून मूळ यंत्र काढलं, तर ते चालूच होईना.

मी त्यांना तिथेच शहाणपण शिकवलं, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हटलं, ताई, या यंत्राचा मेंदू म्हणजे मोटोरोलाचा 68000 प्रोसेसर, धाव साडेसात मेगाहर्ट्झच्या जरा वर. चित्र काढणाऱ्या चिपकडे एकूण 512 रंग, त्यातले पडद्यावर एका वेळी जेमतेम साठेक. दोन रंग एकमेकांत मिसळून आरपार दिसणारं पाणी करायची सोयच तिच्यात नाही. म्हणून चित्रकारांनी एक रेघ पाण्याची आणि एक रेघ मोकळी, अशा पट्ट्या काढल्या. भाऊ म्हणतात ते खरं आहे. लहानपणचं सगळं आपल्याला थोडं जास्तच सुंदर आठवतं.

यातला एकूण एक तांत्रिक तपशील बरोबर होता. ताई काही बोलल्या नाहीत. फक्त पिशवीवरचा हात काढला आणि म्हणाल्या, "बरं. चालू तरी करून द्या."

दुरुस्ती फार अवघड नव्हती. अडॅप्टरची पिन जिथे घुसते तिथलं सोल्डर तडकलेलं होतं, आमच्या भाषेत ड्राय सोल्डर. ते नव्याने भरलं. कपॅसिटर थकले होते, तेही बदलले. कॅसेटच्या पितळी रंगाच्या दातांवर काळपट थर होता. तो अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या काडीने पुसला, तेव्हा कापूस कोळशासारखा काळा झाला. कॅसेट लागली नाही की आपण सगळे तिच्यात फुंकर मारायचो. मुळात फुंकरीने काही होत नसे. काढून परत घातल्यामुळे संपर्क जुळायचा, आणि आपल्या श्वासातली ओल मात्र त्या दातांना वर्षानुवर्षं खात राहायची. तरीसुद्धा, चाचणी घेताना कॅसेट हातात आली की माझे ओठ आपोआप पुढे येतात. मग मी थांबतो.

चित्र स्वच्छ यावं म्हणून मी जरा जास्तच मेहनत घेतली. यंत्राच्या मागच्या गोल सॉकेटमधून लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग वेगवेगळ्या तारांनी बाहेर काढले, चांगल्या कन्व्हर्टरमधून नेले आणि सपाट मॉनिटरला दिले. प्रत्येक ठिपका सुईने टोचल्यासारखा दिसत होता. एवढं नितळ चित्र ताईंनी लहानपणी कधीच पाहिलं नसणार, असं वाटून मला समाधान झालं.

शनिवारी त्या भाच्याला घेऊन आल्या. बटण दाबलं, "सेगा" असा आवाज घुमला, आणि पहिल्या टप्प्याचं, ग्रीन हिल झोनचं गाणं सुरू झालं. संगीतकार मासातो नाकामुरा यांची ती चाल. ताईंनी कंट्रोलर हातात घेतलाच नाही. डोळे मिटून उभ्या राहिल्या.

"गाणं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "हाच वेग. त्या नव्या डब्यात धावत होतं."

मी बोलायला तोंड उघडलं आणि गप्प झालो. कारण त्या खरं बोलत होत्या, आणि का खरं बोलत होत्या ते मला माहीत होतं. जगात टीव्हीच्या दोन तऱ्हा होत्या. काही देशांत सेकंदाला 60 वेळा पडदा रंगवला जायचा, काही ठिकाणी 50 वेळा. या गेमचा सगळा हिशोब पडद्याच्या त्या फेऱ्यांवर चालतो. 50 च्या यंत्रावर सोनिक हळू पळतो आणि गाणंही सुमारे सतरा टक्के संथ वाजतं. स्वर तेच राहतात, कारण ते वेगळ्या चिपमधून येतात. बदलते ती फक्त लय. ताईंचं जुनं यंत्र 50 चं. नव्या डब्यातला गेम 60 चा होता.

तीस वर्षं त्यांनी हे गाणं ऐकलं नव्हतं. त्यांना संगीत येत नाही, हे त्यांनीच सांगितलं. तरी लयीतला तेवढा फरक त्यांनी पहिल्या काही क्षणांत पकडला होता. ज्या बाईचे कान इतके पक्के, तिचे डोळे खोटं का सांगतील? हा विचार आला आणि अंगावर काटा आला. मी आठवडाभर त्यांच्या आठवणीला भाबडी समजत होतो.

तोवर सोनिक धबधब्यापाशी पोहोचला होता. भाचा खेळत होता. माझ्या नितळ चित्रात पट्ट्या इतक्या स्पष्ट होत्या की मोजता आल्या असत्या.

"हे खिडकीचे गज झाले," ताई हळूच म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. आता त्यांनी मानायचंच ठरवलं होतं, तेच मला सहन होईना.

म्हटलं, दहा मिनिटं द्या.

मागच्या खोलीत, फडक्याखाली, एक चौदा इंची डबा टीव्ही आहे. पिक्चर ट्यूबचा. बाहेर आणून लावला, तर उजव्या कोपऱ्यात जांभळा डाग. शेजारी स्पीकर पडून होता, त्याच्या चुंबकाने ट्यूबवर छाप सोडली होती. टीव्ही बंद केला, थोडं थांबून पुन्हा लावला. ढुम्म असा आवाज आला, चित्र थरथरलं आणि डाग फिकट झाला. तसंच आणखी एकदा केलं. भाच्याने काचेजवळ हात नेला आणि हातावरची लव उभी राहिली तसा तो दचकून हसला. त्याने असा टीव्ही चालू स्थितीत कधी पाहिलाच नव्हता.

मग मी माझी ती सुंदर तार काढली आणि जुनी लावली, पिवळ्या पिनेची. या तारेला आम्ही दुरुस्तीवाले नावं ठेवतो. हिच्यात उजेड आणि रंग एकाच वाटेने कोंबलेले असतात. रंगाच्या वाट्याला जागा इतकी कमी येते, की तो आपल्या ठिपक्यात मावत नाही, शेजारच्यावर ओघळतो. त्यात ट्यूबच्या आत काचेमागे इलेक्ट्रॉनचा झोत धावणार, तोही कडा मऊ करणार. सगळा दोषांचाच मामला.

आणि त्या दोषांत पाणी तयार झालं.

आधी मला वाटलं माझेच डोळे फसतायत. पट्ट्या गेल्या होत्या. पांढुरका निळा पडदा कोसळत होता, आणि त्याच्या मागून डोंगराची हिरवी तपकिरी छटा दिसत होती. भाच्याने सोनिकला धबधब्यामागे नेलं. तो नाहीसा झाला नाही. ओल्या काचेपलीकडे उभं असल्यासारखा अंधुक दिसत राहिला. रंग मिसळण्याची सोय त्या चिपमध्ये नव्हतीच. मिसळायचं काम या तारेने आणि या काचेने केलं. गेमचं चित्र यंत्रात पूर्ण होतच नव्हतं, ते टीव्हीत येऊन पूर्ण व्हायचं. मी मात्र मेहनत करून नेमका तोच भाग पुसून टाकला होता.

ताईंनी पुढे होऊन काचेवर बोट टेकवलं, बरोबर धबधब्यावर.

"हेच," त्या म्हणाल्या. मग भाच्याकडे वळून, "बघ. बघ नीट. तुझा बाबा म्हणतो मी मनानेच पाणी भरलं."

मी त्यांची माफी मागितली. अगदी तशा शब्दांत. त्या म्हणाल्या, "अहो दादा, मलाच खात्री राहिली नव्हती. सगळेच म्हणतात तेव्हा आपणही मानायला लागतो."

योहानेस होफर नावाच्या स्विस वैद्यकाने 1688 साली 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द घडवला. परतणं आणि वेदना, अशा दोन ग्रीक शब्दांना जोडून. घरापासून लांब गेलेली माणसं झुरतात, त्या आजाराचं ते नाव होतं. आपण मराठीत स्मरणरंजन म्हणतो, आणि मला त्यातलं रंजन खटकतं. त्या शब्दाने माणसाची आठवण करमणुकीच्या खात्यात जाते. मग ती तपासायची गरज उरत नाही. त्या दिवसापासून कुणी गिऱ्हाईक "पूर्वी असं नव्हतं" म्हणालं, तर मी आधी तार बघतो, टीव्ही बघतो, 50 की 60 ते बघतो.

ताईंनी मोबाइल काढला. भावाला आत्ताच्या आत्ता दाखवायचं होतं. मोबाइलमध्ये पाहिलं, तर पडद्यावरून काळे जाड पट्टे वर सरकताना दिसत होते आणि धबधब्यावर विचित्र इंद्रधनुषी जाळी उमटली होती. डोळ्याला जे सलग दिसतं, ते कॅमेऱ्याला तुकड्यातुकड्यांत दिसतं. तीन वेळा प्रयत्न केला. मी दिवे बंद केले, अंतर बदललं, काही जमलं नाही. पलीकडून भाऊ म्हणत होता, "अगं, काहीच नीट दिसत नाहीये."

"मग ये इथे," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुढचा तासभर आत्या आणि भाचा आळीपाळीने खेळले. काट्यांवरून उडी मारायची वेळ ताईंची चुकत नव्हती. ट्यूबच्या टीव्हीत चित्र साठवून मग दाखवायची भानगड नसते, झोत आला की ठिपका उजळतो, त्यामुळे अंगठा आणि पडदा यांच्यात अंतरच राहत नाही. मी कामाचं निमित्त करून मागे उभा होतो.

मध्येच भाच्याने कंट्रोलर ठेवला आणि कानावर हात घेतला. "आत्या, शिट्टी कसली वाजतेय? मघापासून वाजतेय."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मला काही ऐकू येत नव्हतं. त्यांनाही नाही. मुलगा टीव्हीच्या जवळ गेला, लांब गेला, पुन्हा जवळ आला. "इथून येतेय. एकदम बारीक."

मी काय ते ओळखलं. ट्यूबच्या टीव्हीत 625 रेघांचं चित्र सेकंदाला 25 वेळा पुरं होतं, म्हणजे सेकंदाला 15,625 रेघा. तेवढ्याच कंपनांचा एक आवाज त्याच्या आतला ट्रान्सफॉर्मर सतत काढत असतो. लहान कानांना तो ऐकू येतो. वय वाढतं तसे आपल्या कानांतून वरचे स्वर आधी जातात. हे सांगितलं तशा ताई एकदम उभ्या राहिल्या.

"थांबा थांबा. मी आतल्या खोलीत अभ्यासाला बसलेली असायचे, आणि याचा बाबा आवाज बंद करून गुपचूप टीव्ही लावायचा. तरी मला कळायचं. कसं कळायचं ते त्याला कधी समजलं नाही. ती शिट्टी..." त्या टीव्हीपाशी गेल्या, वाकल्या, कान काचेला लावला. बराच वेळ तशाच राहिल्या. केसांच्या बटा काचेकडे ओढल्या जाऊन चिकटल्या होत्या.

"अजून वाजतेय?" त्यांनी विचारलं.

"हो, वाजतेय की," भाचा म्हणाला.

"कशी वाजते? मला करून दाखव."

त्याने ओठांचा चंबू केला आणि शिट्टी मारली. मग मान हलवली. "असं नाही, याच्यापेक्षा वर." पुन्हा मारली, आणखी वर, अगदी श्वास तुटेपर्यंत. ताई त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"अजून वर, आत्या," तो म्हणाला. "मला तेवढं जात नाही."