जिभेखालची गोळी आणि 'ती' गोळी

बार्शीत आमचं मेडिकल आहे. मी फार्मासिस्ट. बावीस वर्षं काउंटरवर उभी आहे, त्यामुळे संध्याकाळी समोरच्या टपरीपाशी एखादा माणूस उगाच रेंगाळताना दिसला की माझ्या लक्षात येतं. दुकानातली गर्दी पांगेपर्यंत तो थांबतो. मग पायरी चढतो, मला बघतो आणि विचारतो, "दादा नाहीत का?" दादा म्हणजे माझे मिस्टर. ते नसले की डोकेदुखीची गोळी घेऊन निघून जातो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर एक काका असेच आले होते. आमचं नेहमीचं गिऱ्हाईक, साठीच्या पुढचे. अँजिओप्लास्टी झालेली, महिन्याची औषधं आमच्याकडूनच. त्यांनी दादांना विचारलं, मी "नाहीत" म्हटलं, आणि ते गेले. मला अंदाज आला होता. तरी मी हाक मारली नाही.

तीन-चार दिवसांनी काकू आल्या. पदरातून एक पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. "यांच्या शर्टाच्या खिशात सापडलं. कशाच्या गोळ्या आहेत गं?" टाडालाफिल, वीस एमजी. पुरुषांची 'ताकदीची' गोळी, लिंगाला ताठरता यावी म्हणून घेतात ती. चारची स्ट्रिप, एक जागा रिकामी. मागच्या बाजूला लाल रेघ, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. आमच्या दुकानातली नव्हती. कुणी दिली ते मी विचारलं नाही, पण ज्याने दिली त्याने "हृदयाची गोळी चालू आहे का?" एवढंही विचारलं नव्हतं, हे मला आजही सहन होत नाही.

काकूंनी मग सांगितलं, "काल सकाळी चहा झाला, गोळ्या घेतल्या आणि न्हाणीकडे जाताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडले. भुवईवर तीन टाके. दवाखान्यात सलाइन लावलं, बीपी खूप उतरलं होतं म्हणाले." काकांनी तिथेही तोंड उघडलेलं नव्हतं.

काकांच्या सकाळच्या गोळ्यांत आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट हे हृदयाचं औषध असतं. शिवाय छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायला सॉर्बिट्रेट घरात असतंच. दोन्ही नायट्रेटच. मी काकूंना गोळी कशाची ते सांगितलं नाही, ते काकांनी सांगायचं. पण एवढं बजावलं, "आज-उद्या छातीत दुखलं तर जिभेखालची गोळी घरी द्यायची नाही. थेट दवाखान्यात न्यायचं आणि हे पाकीट डॉक्टरांच्या हातात द्यायचं. सकाळची गोळीही द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा."

कारण असं. नायट्रेटपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, त्याने रक्तवाहिन्या सैलावतात आणि हृदयावरचा ताण उतरतो. सिल्डेनाफिल, टाडालाफिल ही ताकदीची औषधं त्याच रस्त्यावर पुढे काम करतात. रक्तवाहिनी सैल ठेवणारं जे रसायन शरीर मोडून टाकत असतं, ते मोडू देत नाहीत. एक गोळी सैल करते, दुसरी सैलपणा टिकवते. दोन्ही एकत्र आल्या की बीपी एवढं कोसळू शकतं की माणूस हातचा जाईल. सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर निदान ४८ तास नायट्रेट चालत नाही. स्प्रे, मलम, पट्टी, सगळं त्यातच आलं. छातीतल्या दुखण्यावरच्या निकोरँडिल या औषधालाही हाच नियम. काकांनी गोळी घेतली त्याला काकू आल्या तेव्हा दोन दिवससुद्धा झाले नव्हते.

गंमत म्हणून नाही, पण सांगण्यासारखं आहे. सिल्डेनाफिल शोधलं गेलं ते हृदयाच्याच रुग्णांसाठी, छातीतल्या दुखण्यावर. ते तिथे फारसं उपयोगी पडलं नाही, दुसराच परिणाम दिसला, आणि १९९८ साली अमेरिकेत व्हायग्रा या नावाने त्याला मान्यता मिळाली. नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्यांना संदेश पोचवतं, या शोधाला त्याच वर्षी नोबेलही मिळालं.

गोळी वाईट नाही. हृदयाचे कितीतरी रुग्ण डॉक्टरांना विचारून ती नीट घेतात. मला भीती वाटते ती लपवण्याची. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल तरी बीपी उतरू शकतं, मग डोस कमी धरावा लागतो. डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं हे चालायचंच. पण ताठरता चार तासांहून जास्त राहिली किंवा अचानक दिसेनासं, ऐकू येईनासं झालं तर त्याच क्षणी दवाखाना गाठायचा, लाजत सकाळची वाट बघायची नाही. पंचविशीतली पोरं मित्राचं ऐकून थेट शंभर एमजी मागतात, वर दारूही घेतात. त्यांना मी परत पाठवते. आणि "आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही" म्हणून कुरियरने येणाऱ्या कॅप्सूल! अशा मालात न सांगता मिसळलेलं सिल्डेनाफिल तपासणीत वारंवार सापडलेलं आहे. नायट्रेट घेणाऱ्याने ती विश्वासाने घेतली तर?

शुगरवाल्या माणसांना मी आणखी एक सांगते. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे त्या चोंदल्याचं आधी कळतं. ताठरतेची अडचण नव्याने सुरू झाली असेल तर गोळीच्या आधी शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी करून घ्या. तंबाखूही त्याच वाहिन्या खाते.

काका आठवड्याने आले. दादा दुकानात होते, तरी माझ्यासमोर उभे राहिले. म्हणाले, "डॉक्टरांना सगळं सांगितलं." मी खुर्ची दिली, चहा मागवला.

तेव्हापासून नायट्रेटची गोळी देताना कागदी पिशवीवर मी पेनाने लिहिते : 'ही चालू असताना ताकदीची गोळी घ्यायची नाही. घेतली असेल तर डॉक्टरांना सांगा.' बाया वाचून हसतात, पुरुष घडी घालून खिशात ठेवतात. मागच्या महिन्यात मार्केट यार्डातल्या एका हमाल मामांनी सायकलवर बसता बसता पिशवी वाचली, सायकल पुन्हा स्टँडवर लावली आणि आत आले. "ताई, दोन मिनिटं आहेत का?"

मी शटर अर्धं खाली ओढलं.