अमक्यावर केस आहे का, हे नागपुरात बसून कसं पाहायचं

लग्नसराई जवळ आली की मला मेसेज यायला लागतात, "दादा एका पोराचं नाव पाठवतो, कोर्टात काही आहे का पाहून दे ना." लग्नाचं नसलं तर बेसा नाहीतर वर्धा रोडकडच्या एखाद्या प्लॉटवाल्याचं असते, इसार द्यायच्या आधी. मी काही वकील नाही बरं का, घरची एक जुनी केस बरीच वर्षं चालली त्यात न्यायमंदिराच्या, म्हणजे इथल्या जिल्हा कोर्टाच्या, चकरा मारता मारता आणि वेबसाइट पाहता पाहता हे सगळं अंगवळणी पडलं एवढंच. तर एकदाचं लिहून टाकतो, पुढच्या माणसाला हेच पाठवून मोकळा होईन.

पहिले हे ऐका की रेकॉर्ड शोधणं सोपं आहे, पैसे लागत नाही आणि कोणाची ओळखही लागत नाही. अवघड काय आहे तर जे नाव सापडलं ते त्याच माणसाचं आहे का आणि त्या केसचा अर्थ काय, हे ठरवणं. लोक पहिलं काम करतात, दुसरं करतच नाहीत, आणि स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकून देतात.

ई-कोर्ट्सची साइट आहे सरकारची, ॲपपण आहे, देशभरातले जिल्हा आणि तालुका कोर्ट त्याच्यात आहेत. हा प्रोजेक्ट २००७ पासून चालू आहे, आता तिसरा टप्पा चाललाय. साइटवर केस स्टेटसमध्ये जायचं, महाराष्ट्र निवडायचं, नागपूर निवडायचं, मग कोर्ट कॉम्प्लेक्स विचारते. इथेच अर्धे लोक चुकतात. नागपूर जिल्हा म्हणजे नुसतं सिव्हिल लाइन्सचं न्यायमंदिर नाही हो, काटोल आहे, सावनेर आहे, उमरेड, रामटेक, कामठी आहे, आणि हे सगळे वेगवेगळे निवडून पाहावे लागतात. पोरगा राहतो धंतोलीत पण शेती न् भाऊबंदकी काटोलला, तर भांडणाची केस काटोललाच असणार ना. आणि काम वर्ध्याला असेल तर वर्धा जिल्हा वेगळा पाहा, भंडाऱ्याचा असेल तर भंडारा. एकाच सर्चमध्ये सगळी कुंडली निघत नाही.

मग पार्टी नेमचा पर्याय. नाव इंग्रजीत टाकायचं, कमीत कमी तीन अक्षरं लागतात, वर्ष टाकायचं आणि पेंडिंग की डिस्पोज्ड ते निवडायचं, मी सरळ दोन्ही निवडतो. वर्ष म्हणजे केस रजिस्टर झाली ते वर्ष, गुन्हा घडला ते नाही. म्हणजे दहा वर्षांचं पाहायचं तर एकेक वर्ष टाकत बसायचं, प्रत्येक वेळी तो वाकडातिकडा कॅपचा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही.

स्पेलिंगची मजा वेगळीच. आपल्याकडे वानखेडे कोणी व्हीने लिहिते कोणी डब्ल्यूने, वासनिकचं तेच, चौधरीचे तर किती प्रकार आहेत देव जाणे, शेवटी आय की वाय, मधात ओयू की एयू. पोलिसांनी चार्जशीटमध्ये जे लिहिलं तेच कोर्टाच्या कॉम्प्युटरमध्ये जाते, आधार कार्डावर काय आहे त्याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही. म्हणून पूर्ण नाव ठोकू नका. फक्त पहिलं नाव टाकून पाहा, मग फक्त आडनाव, मग आडनावाचं दुसरं स्पेलिंग. लिस्ट लांब येईल, येऊ द्या, चाळायला वेळ लागते पण सुटून जात नाही.

क्रिमिनल केसमध्ये एका बाजूला बहुतेक महाराष्ट्र शासन असते, अमुक पोलीस स्टेशनच्या मार्फत, आणि दुसऱ्या बाजूला आरोपी. आरोपी पाच-सहा असले तर लिस्टमध्ये पहिल्याचं नाव आणि पुढे "व इतर" एवढंच दिसते, तेव्हा आत व्ह्यू करून सगळे आरोपी वाचायचे. आत गेलं की सोळा अक्षरी सीएनआर नंबर दिसतो, पहिली दोन अक्षरं राज्याची. हा नंबर लिहून ठेवा, पुढच्या वेळी नाव-वर्ष काही नको, थेट तो टाकला की केस उघडते, ॲपमध्ये सेव्हपण होते.

आता नाव सापडलं म्हणून उड्या मारू नका. माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो, तो सांगतो तिथे क्रिमिनल केसेस बहुतेक काउंटीच्या कोर्टात चालतात, प्रत्येक काउंटीची आपली वेगळी साइट आणि वेगळे नियम, फेडरल कोर्टाचं तर अजूनच वेगळं आणि तिथे पानामागे पैसे, पण बऱ्याच ठिकाणी रेकॉर्डमध्ये जन्मतारीख नाहीतर जन्मवर्ष असते. आपल्याकडे साइट एकच आहे हे चांगलं, पण जन्मतारीख नाही. नागपुरात एकाच नावाचे, वडिलांचं नावही तेच असलेले दोन मेश्राम नाहीतर दोन ठाकरे निघणार नाहीत असं कोणी म्हणू शकते का? मग जुळवायचं कशावरून? तर त्याच पानावर खाली पोलीस स्टेशन, एफआयआर नंबर आणि वर्ष असते. माणूस तेव्हा कुठे राहत होता ते माहीत असेल तर पोलीस स्टेशनवरून थोडा अंदाज येतो. निकालाची पीडीएफ असेल तर तिच्या सुरुवातीला आरोपीचं वय, धंदा, पत्ता बहुतेक लिहिलेला असते, खरी ओळख तिथेच पटते.

एफआयआरचं थोडं वेगळं. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सांगितलं की एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाका, संवेदनशील सोडून. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रकाशित एफआयआर पाहायला मिळतात, त्यात नागपूर शहर आणि नागपूर ग्रामीण वेगळे आहेत हे ध्यानात ठेवा. लैंगिक गुन्हे, पॉक्सो वगैरे तिथे दिसणार नाहीत आणि दिसूही नयेत. एफआयआर नंबर हाती लागला की ई-कोर्ट्सवर एफआयआर नंबरनेही केस शोधता येते, पोलीस स्टेशन निवडायचं, नंबर, वर्ष, झालं. नावापेक्षा हा रस्ता कितीतरी पक्का, स्पेलिंगची कटकटच नाही.

पण एफआयआर झाला म्हणजे कोर्टात केस नंबर पडला असं नाही. चार्जशीट जाईपर्यंत रेग्युलर केस उभीच राहत नाही, आणि ते जायला कधी कधी वर्षं लागतात. त्या काळात नाव दिसलं तर जामिनाच्या अर्जात दिसते. आणि तपासात काही निघालं नाही तर पोलीस समरी रिपोर्ट देतात. ए समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी किंवा पुरावा सापडला नाही, बी म्हणजे तक्रारच खोटी, सी म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. ज्याच्यावर बी समरी झाली त्याला गुन्हेगार म्हणणं म्हणजे हद्दच झाली.

आता डिस्पोज्ड या शब्दावर येतो कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. डिस्पोज्ड म्हणजे ती फाइल त्या कोर्टातून निकाली निघाली, बस. सुटला का शिक्षा झाली का लोक अदालतीत आपसात मिटलं, हे त्या शब्दावरून कळतच नाही. जामिनाचा अर्ज डिस्पोज्ड म्हणजे अर्जाचा निकाल लागला, केस तशीच चालू. त्याहून फसवं एक आहे. खून, खुनाचा प्रयत्न असले मोठे गुन्हे पहिले मॅजिस्ट्रेटकडे येतात, तिथे आरसीसी (रेग्युलर क्रिमिनल केस) नंबर पडते, मग ते सेशन्स कोर्टाकडे कमिट होतात, म्हणजे चालवायला तिकडे पाठवले जातात, आणि तिथे नवीन सेशन्स केस नंबर पडते. जुनी आरसीसी डिस्पोज्ड दिसते. पाहणारा खूश, म्हणतो चला संपलं बाप्पा, आणि खरी ट्रायल तर आत्ता सुरू झालेली असते. म्हणून आरसीसी डिस्पोज्ड दिसली आणि कलम गंभीर असलं तर त्याच एफआयआर नंबरने सेशन्समध्ये पाहिल्याशिवाय उठू नका.

कलमं पण वाचायची. एससीसी (समरी क्रिमिनल केस) लिहून १३८ दिसलं तर तो चेक बाउन्स आहे. लग्नाच्या बाबतीत मी तरी त्याच्यावर घाबरत नाही, पण प्लॉटवाल्यावर अशा केसेसची रांग असेल तर इसार खिशातच राहू द्या. २७९, ३३७ म्हणजे गाडीचा अपघात. दारूबंदी कायद्याचं ६५(ई) वर्ध्याकडे पुष्कळ दिसेल, जिल्हाच दारूबंदीचा, कोणाच्या डिक्कीत काय सापडलं असेल सांगता येत नाही, ते पाहून नाक मुरडायचं का ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ४९८अ, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी बायकोचा छळ केल्याचं कलम, दिसलं आणि समोरचे म्हणत असतील की पोराचं हे पहिलंच लग्न, तर तिथे थांबून नीट विचारा. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते, तिथे नंबर बदललेत, फसवणुकीचं ४२० आता ३१८(४) झालं, खुनाचं ३०२ आता १०३, ४९८अ चं ८५. त्याच्या आधीच्या गुन्ह्यांना भादंविचीच (जुन्या भारतीय दंड विधानाचीच) कलमं दिसतील, त्यामुळे दोन्ही नंबर डोक्यात ठेवावे लागतात.

तारखांच्या हिस्टरीमध्ये प्रत्येक तारखेवर क्लिक करता येते, त्या दिवशी काय झालं ते दोन ओळीत असते. आरोपी गैरहजर, वॉरंट काढलं, साक्षीदार आला नाही. माणूस ओळखायला मला तर निकालापेक्षा हे जास्त कामाचं वाटते. निर्दोष सुटला असेल तर निकाल वाचा, फिर्यादी उलटला म्हणून सुटला का पुरावाच नव्हता म्हणून सुटला, सगळं लिहिलेलं असते. अन् कायद्याने सुटला म्हणजे सुटला, त्याच्यावर गल्लीत परत खटला भरू नये.

हायकोर्टाचं वेगळं पाहायचं, मुंबई हायकोर्टाच्या साइटवर, बेंच नागपूर निवडून. तिथे एपीएल लिहिलेलं दिसलं तर बहुतेक एफआयआर किंवा केस रद्द करा असा अर्ज. खालच्या कोर्टात पेंडिंग दिसत असलेली केस वर स्टे झालेली असू शकते, म्हणून हा एक चेक करावाच.

आणि काहीच नाही सापडलं तर? तर एवढंच म्हणता येईल की या कोर्टात, या वर्षांत, या स्पेलिंगने काही सापडलं नाही. अल्पवयीन असतानाचं काही असेल तर ते दिसणार नाही, बाल न्याय कायद्याने ते झाकलेलंच राहिलं पाहिजे. खूपच जुन्या केसेस साइटवर चढल्याच नसतील. भाडेकरू किंवा नोकरीसाठी पाहत असाल तर त्या माणसालाच पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र आणायला सांगा, अर्ज ऑनलाइन होते, आणि त्याच्या मागे चोरून शोधण्यापेक्षा हे सभ्यपणाचंही आहे. नगरसेवक-आमदार पाहायचे असतील तर हे काहीच करू नका, उमेदवारीच्या शपथपत्रात त्यांनीच केसेस लिहून दिलेल्या असतात, निवडणूक आयोगाच्या साइटवर आमदार-खासदारांची शपथपत्रं सहज सापडतात.

कागदच पाहिजे असेल, म्हणजे निकालाची किंवा चार्जशीटची सही-शिक्क्याची प्रत, तर न्यायमंदिरात जाऊन नक्कलेचा अर्ज करावा लागते, कोर्ट फी स्टॅम्प लावून. आरोपीला, फिर्यादीला ती मिळते, तिऱ्हाइताला कशासाठी पाहिजे ते लिहून द्यावं लागते आणि कोर्टाला पटलं तर मिळते. माहिती अधिकारात टाकू म्हणाल तर सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात सांगून ठेवलंय की कोर्टाच्या फाइलींच्या नकला कोर्टाच्याच नियमाने घ्या. सीएनआर, केस नंबर आणि निकालाची तारीख सोबत घेऊन जा, आणि पहिल्यांदाच जात असाल तर ओळखीच्या एखाद्या ज्युनिअर वकिलाकडून अर्ज टाइप करून घ्या, तेवढे पैसे वसूल होतात.